तीन टिंबांच्या पलीकडे

पावतीवर तीन आकडे होते. भरल्या गाडीचं वजन 21450 किलो, रिकाम्या गाडीचं 0 किलो आणि निव्वळ ऊस 6780 किलो. ट्रकचा ड्रायव्हर ती पावती घेऊन काट्याच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, आमची गाडी काय कागदाची हाय का?”

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची ही गोष्ट आहे, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. पावती छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. गाळप सुरू होऊन काही तासच झाले होते, काट्यापुढं ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती. रिकामा ट्रक खरं तर 6780 किलोचा होता, म्हणजे ऊस भरत होता 14670 किलो. माझ्या पावतीनं शेतकऱ्याचा जवळजवळ आठ टन ऊस गायब केला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तिथं काट्याची पावती म्हणजे साधा कागद नव्हे. काटा मारला, हा शब्द या भागात शिवीसारखा वापरतात. त्या रात्री पावत्या हातानं लिहिल्या गेल्या आणि मी टर्बो सीच्या निळ्या पडद्यापुढं बसून राहिलो.

सगळ्यात छळणारी गोष्ट ही की प्रोग्रॅमच्या पोटातले आकडे बरोबर होते. फाइलमध्ये नोंद 14670 अशीच झाली होती. एकेक आकडा वेगळा छापून पाहिला, तर तोही बरोबर येई. तिन्ही एका ओळीत छापले की मात्र रिकामी गाडी शून्याची आणि रिकाम्या गाडीचं वजन उसाच्या जागी. पहाटे कधीतरी उलगडा झाला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कधी 32767 किलोच्या वर गेला तर टर्बो सीच्या दोन बाइटांच्या इंटमध्ये ते वजन मावणार नाही, म्हणून मी तिन्ही वजनं चार बाइटांच्या लाँगमध्ये ठेवली होती. इथवर शहाणपणा. पण छापताना प्रिंटएफला सांगितलं होतं टक्का-डी, टक्का-डी, टक्का-डी. म्हणजे “तीन इंट येताहेत”. स्टॅकवर प्रत्यक्षात दोन-दोन बाइटांची सहा घरं पडली होती: 21450, 0, 6780, 0, 14670, 0. प्रिंटएफनं सांगितल्याप्रमाणे पहिली तीन घरं वाचली आणि गप्प बसलं. टक्का आणि डी यांच्या मधे ‘एल’ हे एक अक्षर हवं होतं. ते तीन ठिकाणी घातलं आणि पावती सुधारली.

पण प्रश्न तिथं संपत नव्हता. सी भाषा एरवी इतकी ढिली नाही. दोन आकडे घेणाऱ्या फंक्शनला तीन दिले तर कंपायलर अडवतो. इंट मागणाऱ्याला लाँग दिला तर तो स्वतःहून बदलून देतो. मग प्रिंटएफच्या वेळीच तो डोळे मिटून का बसला? कारण प्रिंटएफच्या घोषणेत पहिल्या पॅरामीटरनंतर स्वल्पविराम आहे आणि त्यापुढं तीन टिंबं. त्या टिंबांचा अर्थ असा: यापुढं किती आर्ग्युमेंट येतील आणि कोणत्या जातीची येतील, हे इथं लिहिलेलं नाही, देणारा आणि घेणारा आपसांत बघून घेतील. कंपायलर त्या व्यवहारातला साक्षीदार असतो, आणि तीन टिंबं लिहिली की आपण त्याला घरी पाठवून देतो. ही पुस्तिका त्या तीन टिंबांविषयी आहे.

नगरमधल्या सावेडीतल्या संध्याकाळच्या तासांना मी जी टिपणं काढत गेलो, त्यांतून ती तयार झाली. समोर बसणारी मुलं पाथर्डी, शेवगाव, पारनेर, जामखेडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं डिप्लोमा, बीसीए नाहीतर इंजिनिअरिंग. पुस्तकं अर्थातच इंग्रजी. आपल्याच नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’नं देशभरातल्या पिढ्यांना सी शिकवली, पण तेही इंग्रजीतच. मराठीत लिहिताना मी शब्दांचा हट्ट धरलेला नाही. ‘फलन’ गणिताच्या पुस्तकात शोभतं. लॅबमध्ये सगळे फंक्शनच म्हणतात, म्हणून इथंही फंक्शन.

“हा विषय आमच्या कामाचा नाही सर, आम्ही असलं फंक्शन कुठं लिहितो?” असं मुलं म्हणतात. लिहीत नसतील, पण पहिल्या दिवसापासून वापरतात. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला हमखास होणारी चूक आठवा. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं ॲम्परसँड विसरायचं. जुना कंपायलर चकार शब्द काढत नाही, प्रोग्रॅम चालू होतो, आकडा टाइप केला की कोसळतो किंवा भलतंच उत्तर देतो. मुलं पाठ करतात की “स्कॅनएफला ॲम्परसँड लावायचं असतं”. स्कॅनएफला पत्ता हवा होता, आपण किंमत दिली, आणि तीन टिंबांमुळं ती कोणी तपासली नाही, हे कारण फारसं कोणी सांगत नाही. माझ्या पावतीवरचा शून्य आणि त्या मुलाचा कोसळलेला प्रोग्रॅम ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत.

ओरलला हमखास विचारला जाणारा एक प्रश्नही याच घरातला. डबल छापताना टक्का-एफ चालतं, मग वाचताना टक्का-एल-एफ का लागतं? तीन टिंबांच्या जागी दिलेली किंमत जशीच्या तशी जात नाही. कॅर आणि शॉर्ट असतील तर त्यांचा इंट होतो, फ्लोट असेल तर त्याचा डबल होतो. प्रिंटएफपर्यंत फ्लोट कधी पोचतच नाही. त्याला दोन्ही वेळा डबलच दिसतो, म्हणून एकच खूण पुरते. स्कॅनएफला मात्र आपण किंमत देत नाही, पत्ता देतो, आणि पत्त्याची अशी बढती होत नाही. चार बाइटांच्या जागेचा पत्ता आहे की आठ बाइटांच्या, हे त्याला सांगावंच लागतं. हाच नियम फंक्शन लिहिणाऱ्यालाही बांधतो: आत बसून ‘पुढचा फ्लोट दे’ असं मागितलं तर ते चूकच, कारण तिथं फ्लोट आलेलाच नसतो. मुलं हे समजल्यावर जरा रागावतात. पाठ केलेल्या दोन ओळी वाया गेल्यासारखं वाटतं त्यांना.

ही सोय भाषेत आली कशी, हेही थोडं सांगितलं पाहिजे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली, तेव्हा छापण्याचं काम भाषेत न ठेवता लायब्ररीवर सोपवलं. माइक लेस्क यांनी त्याच सुमारास इनपुट-आउटपुटचा एक संच लिहिला, त्यावरच पुढं आजची स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी उभी राहिली. छापायच्या गोष्टी कधी एक, कधी सात. तेव्हा कितीही आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन हवंच होतं. त्या काळच्या सीमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरची आधी घोषणाच नसे, सगळ्याच फंक्शनांना कंपायलर विश्वासानं पाठवी. आर्ग्युमेंट मेमरीत एकापुढं एक मांडलेली असत. पहिल्याचा पत्ता घ्यायचा आणि पॉइंटर पुढं सरकवत जायचं, एवढीच युक्ती होती. पीडीपी-11 वर ती छान चाले.

सी दुसऱ्या यंत्रांवर गेली तशी ती युक्ती लंगडी पडली. मग व्हॅरआर्ग्ज नावाची हेडर फाइल आली, आणि 1989 च्या अमेरिकन मानकानं तिच्या जागी एसटीडी-आर्ग आणली. सी++ कडून फंक्शनच्या प्रोटोटाइपची पद्धत घेतली गेली, तिच्यासोबत तीन टिंबंही आली. तेव्हापासून काम चार शब्दांत चालतं: व्हीए-लिस्ट हा हातात धरायचा दोर, व्हीए-स्टार्टनं तो बांधायचा, व्हीए-आर्गनं एकेक आर्ग्युमेंट ओढायचं, व्हीए-एंडनं सोडायचा. 1999 च्या मानकानं पाचवा, व्हीए-कॉपी दिला, कारण एकदा ओढत पुढं गेलेला दोर मागं नेता येत नाही. दुसऱ्या फंक्शनकडून आलेली यादी दोनदा वाचायची तर सुरुवातीलाच प्रत करून ठेवावी लागते. 2024 मध्ये नवं मानक छापून आलं. त्यानं टिंबांच्या आधी निदान एक नाव असलेलं पॅरामीटर असलंच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. या पुस्तिकेत दोन्ही नावं येतील, जुन्या माणसाची जीभ लगेच वळत नाही.

आता खरा प्रश्न. आत बसलेल्या फंक्शनला थांबायचं कुठं हे कसं कळावं? व्हीए-आर्गला शेवट ठाऊक नसतो. आर्ग्युमेंट संपली तरी तो पुढचं घर उघडून जे असेल ते हातात ठेवतो, आणि मानकाच्या भाषेत त्यानंतर काय होईल याची कोणतीही हमी नाही. म्हणून शेवट देणाऱ्यानंच सांगायचा असतो.

एक मार्ग म्हणजे आधी मोजून संख्या सांगणं: ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या आहेत, असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तसं. सोपं आहे, पण ट्रॉली वाढली आणि चिठ्ठी तीच राहिली की घोटाळा. दुसरा मार्ग मला नगरच्या स्टेशनावर उभं राहिलं की आठवतो. दौंड-मनमाड मार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागं ‘एलव्ही’ अशी पाटी असते, म्हणजे शेवटचं वाहन. स्टेशनवरचा माणूस डबे मोजत बसत नाही. ती पाटी दिसली की गाडी पूर्ण आली, नाही दिसली तर मधे कुठंतरी डबे सुटलेत. युनिक्समधलं एक्झेक-एल असंच चालतं: हवे तितके शब्द द्या, शेवटी नल पॉइंटर द्या. यात दोन खड्डे आहेत. पाटी म्हणून निवडलेली किंमत खऱ्या मालात कधी येता कामा नये. वजनांच्या यादीत शेवटाची खूण म्हणून शून्य ठेवलं आणि काटा एखाद्या वेळी खरंच शून्य दाखवत असेल तर पुढची सगळी यादी गेली. दुसरा खड्डा जास्त लबाड. नल पॉइंटरच्या जागी नुसतं 0 लिहिलं, तर आजच्या चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर टिंबांपलीकडं तो चार बाइटांचा इंट म्हणून जातो आणि घेणारा आठ बाइटांचा पॉइंटर वाचायला बसलेला असतो. वरचे चार बाइट रिकामे असतील तर चालून जातं. आठवड्यातले सहा दिवस चालतं आणि सातव्या दिवशी नाही, अशी चूक शोधताना माणूस देवाला नवस बोलतो.

तिसरा मार्ग प्रिंटएफचा. पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे मागून येणाऱ्या मालाची बिल्टीच: किती नग, कोणत्या जातीचे, कोणत्या क्रमानं. हा सर्वांत ताकदीचा मार्ग आणि सर्वांत धोक्याचाही, कारण बिल्टी आणि माल जुळतात की नाही हे फंक्शनला आतून कधीच कळू शकत नाही. माझ्या पावतीत तेच झालं.

गंमत म्हणजे तीच चूक आज माझ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर केली, तर पावती बरोबर येते! चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर पहिली सहा पूर्णांकी आर्ग्युमेंट सहा वेगवेगळ्या रजिस्टरांतून जातात आणि दशांशातली आठपर्यंत वेगळ्या आठ रजिस्टरांतून. प्रत्येक लाँगला स्वतःचं घर मिळतं, टक्का-डी त्या घराचा खालचा अर्धा भाग वाचतो, आणि आपली गाडी काही दोनशे कोटी किलोची नसते. चूक तशीच आहे, फक्त झाकली गेली आहे. डबल देऊन टक्का-डी लिहिलं, की प्रिंटएफ दुसऱ्याच कपाटात हात घालतं आणि तिथं पूर्वी काय पडलं असेल ते छापतं. विंडोजवर व्यवस्था आणखी निराळी: तिथं पहिल्या चार आर्ग्युमेंटांतला दशांश आकडा दोन्ही कपाटांत ठेवून देतात, न जाणो कोण कुठं शोधेल म्हणून. मला ही व्यवस्था थोडी केविलवाणी वाटते, पण तीन टिंबांचा स्वभाव तिच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही. म्हणून रजिस्टरांचं प्रकरण मी वगळलेलं नाही. ज्यांना ते जड जाईल त्यांनी पहिल्या वाचनात ओलांडावं.

बिल्टीच बाहेरच्या माणसाच्या हातात गेली तर? समजा, काट्यावरच्या कारकुनानं जळीत उसाच्या शेऱ्यात इंग्रजीत ‘10% डिडक्शन’ असं टाइप केलं आणि प्रोग्रॅमनं तो शेरा फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून सरळ प्रिंटएफला दिला. टक्का, मग मोकळी जागा, मग डी: ही प्रिंटएफच्या दृष्टीनं अगदी वैध खूण आहे. ते एक पूर्णांक शोधतं, कोणी दिलेला नसतो, तरी काहीतरी छापतं आणि पुढं उरलेलं ‘इडक्शन’ लिहितं. हसू येईल. पण टक्का-एन ही खूण छापत नाही, उलट मेमरीत लिहिते. 2000 साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या फार वापरातल्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये हीच फट सापडली. दूर बसलेला माणूस नुसता मजकूर पाठवून त्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. त्यानंतर अशा फटी शेकड्यांनी बाहेर आल्या. उपाय एका ओळीचा आहे: बाहेरून आलेला मजकूर नेहमी टक्का-एसच्या मागं, मालाच्या जागी ठेवायचा. बिल्टीच्या जागी कधीच नाही.

नगर हे गाड्यांचं गाव आहे. कायनेटिकची लूना इथं बनली, रणगाड्यांचं शिक्षण देणारं आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं आहे, आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, इथंच. त्यामुळं तासाला येणाऱ्या काही मुलांना वाहनांतलं सॉफ्टवेअर लिहायची ओढ असते. त्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की वाहन उद्योगाची सीसाठीची नियमावली, मिस्रा, या विषयावर अगदी कोरडी आहे: 2004 च्या आवृत्तीत बदलत्या संख्येची आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन लिहायला मनाई, 2012 च्या आवृत्तीत एसटीडी-आर्गच्या सोयी वापरायलाच मनाई. ब्रेकच्या कंट्रोलरमध्ये साक्षीदार नसलेला व्यवहार चालत नाही. मग मुलं विचारतात, “सर, मनाई आहे तर शिकायचं कशाला?”

माझं उत्तर असं, आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही. लिहायला शिकायचं ते वाचता यावं म्हणून. प्रिंटएफ, स्कॅनएफ, ओपन, एक्झेक-एल यांच्यावाचून सीचा प्रोग्रॅम सहसा पुढं सरकत नाही. स्वतः एकदा बेरीज करणारं, एकदा छोटं प्रिंटएफ आणि एकदा नोंदवहीत ओळ लिहिणारं फंक्शन लिहिल्याशिवाय आत काय चाललं असतं ते हाताला कळत नाही. नोंदवहीचं फंक्शन लिहिताना पहिल्यांदा लक्षात येतं की आलेली टिंबं तशीच पुढं प्रिंटएफला देता येत नाहीत, दोर द्यावा लागतो, आणि त्यासाठीच व्ही-प्रिंटएफचं सबंध कुटुंब आहे. नोकरीत स्वतःचं असं फंक्शन लिहायची वेळ आली तर नोंदवही हे जवळजवळ एकमेव सबळ कारण मला दिसतं. बाकी ठिकाणी ॲरे आणि तिची लांबी द्यावी. जावानं आणि पायथननं ही सोय जात आणि संख्या सोबत ठेवून दिली, सी++ नं 2011 मध्ये टेम्प्लेटच्या वाटेनं दिली. सीमध्ये ती अजून उघड्यावरच आहे.

साक्षीदाराला मात्र परत बोलावता येतं. जीसीसी या कंपायलरला इशारे चालू ठेवून प्रोग्रॅम दिला की तो प्रिंटएफची बिल्टी स्वतः वाचतो आणि मालाशी ताडून पाहतो. आपल्या नोंदवहीच्या फंक्शनावर ‘फॉरमॅट’ हा ॲट्रिब्यूट लावला तर तिथंही तपासतो. मानकानं त्याच्यावर ही सक्ती केलेली नाही, हा त्या कंपायलरचा भलेपणा. त्या रात्री माझ्यापुढं असा कंपायलर असता तर ड्रायव्हरला खिडकीशी यावं लागलं नसतं.

पुस्तिकेत सहा प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी मुद्दाम बिघडवलेला एक प्रोग्रॅम. पहिल्या प्रकरणातला प्रोग्रॅम माझी ती पावतीच आहे. तो आधी इशारे बंद ठेवून चालवा, मग चालू करून चालवा, आणि जमलं तर एखाद्या जुन्या संगणकावर टर्बो सीत. तिन्ही वेळा कागदावर काय येतं ते वहीत लिहून घ्या आणि मगच दुसऱ्या प्रकरणाकडं वळा.